चिचंखालची गाडी

पहिल्यांदा ते माझ्या ऑफिसात आले ते भांडायलाच.

ऑफिस म्हणजे मुरबाडच्या स्टँडसमोर, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर एक खोली. दोन टेबलं, एक पंखा आणि स्टँडवर उघडणारी खिडकी. कल्याणची नोकरी आणि रोजची जीपमधली कोंबाकोंब सोडून मी तिथे स्वतःचं काम सुरू केलं होतं. लोकांना वेबसाइट करून द्यायची आणि मोबाइलवर कुणी काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं पान सगळ्यांत वर दिसेल अशी खटपट करायची, हा माझा धंदा. माझ्या आईला तो अजून कळलेला नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये नंबर लावते’ असं ती शेजारणींना सांगते, आणि याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही.

तर जिना चढून एक उंच, काटकुळे गृहस्थ आले. पांढरा सदरा, पायात टायरच्या चपला, वरच्या खिशात पेनाच्या जागी खडू. दारातच उभे राहून त्यांनी विचारलं, “वैशाखऱ्याच्या त्या शेतघराची वेबसाइट तुमी केली का?”

मला वाटलं, नवं गिऱ्हाईक आलं. मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं.

“तिच्यात साडेसातची गाडी लिवलीय. साडेसातला गाडी नाय. पावणेआठला हाय. पावणेआठला.”

“पंधरा मिनिटांनी काय एवढं बिघडतं, काका?”

हे मी बोलायला नको होतं. ते आत आले, खुर्ची ओढून बसले, आणि पंधरा मिनिटांनी काय काय बिघडतं हे त्यांनी मला पाऊण तास ऐकवलं. माणूस साडेसातला येतो, गाडी दिसत नाही, गेली असं समजून जीपमध्ये अर्धा बाहेर लटकत जातो आणि मागून गाडी रिकामी निघून जाते. त्या लटकलेल्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर ते कुणाच्या माथी? मी तिथल्या तिथे वेळ दुरुस्त केली, निव्वळ ते जावेत म्हणून. ते गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. पुढची तीनेक वर्षं ते येतच राहिले.

स्टँडवर ते कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्यांच्या वेळा सांगण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गाव त्यांना कंट्रोलरकाका म्हणे. खरं नाव मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही ते त्यांना शोभत नाही असं माझं मत झालं.

त्यांची ती जुनी खिडकी अर्धगोल आणि भलतीच खाली होती. बाहेरचा माणूस वाकून बोलायचा, आतले हे मान उजवीकडे तिरकी करून ऐकायचे. रिटायर झाल्यावरही ती मान सरळ झाली नाही. कुणीही बोलायला लागलं की काका तिरके व्हायचे आणि मधे काच असल्यासारखं कान देऊन ऐकायचे. माझी गिऱ्हाइकं त्यांना बहिरे समजून ओरडून बोलत. काका मग आणखी तिरके होत, गिऱ्हाईक आणखी ओरडे, आणि मी कपाळाला हात लावून बसे.

उत्तर मात्र ते नेहमी दोनदा देत. “पावणेआठ. पावणेआठ.” चहात साखर किती म्हणून विचारलं तरी “अर्धा चमचा. अर्धा चमचा.” मी एकदा चिडले, तर म्हणाले, “एकदा सांगितलेलं माणसाला ऐकू येतं गो. दुसऱ्या वक्ताला पटतं.”

आणि खडू. काळी जागा दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटायची. माझ्या लॅपटॉपचं झाकण काळं आहे. एकदा मी खाली चहा सांगायला गेले, वर येऊन बघते तर झाकणावर ठसठशीत अक्षरात शहापूरच्या गाडीची बदललेली वेळ. मी पुसायला फडकं घेतलं तर म्हणाले, “राहू दे संध्याकाळपर्यंत. कोणीतरी वाचील.”

अंदाजपंचे उत्तर त्यांना खपायचं नाही. माहीत नसलं तर ते सरळ “माहीत नाय” म्हणत, उठत, रस्ता ओलांडून स्टँडवर जाऊन विचारून येत आणि मग सांगत. तोवर विचारणारा निघून गेलेला असला तर त्याच्या मागे जात. एका माणसाला त्यांनी बाजारपेठेतल्या न्हाव्याच्या दुकानात, अर्ध्या दाढीवर गाठून टोकावड्याच्या गाडीची वेळ सांगितलेली मी ऐकली आहे.

माझ्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. लोक मोबाइलवर कोणते शब्द टाकून शोधतात, महिन्याला किती जण शोधतात, आपलं पान कितवं दिसतं, हे ते सांगायचं. वर पानाला शंभरपैकी गुण द्यायचं आणि चुका काढायचं. काकांना मी ते एकदा सहज दाखवलं. ते खुर्ची पुढे ओढून, मान तिरकी करून पडद्यासमोर बसले आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागले.

“हे लोक खरंच विचारतात?”

“हो. टाइप करून.”

“म्हंजे ही तर चौकशीची खिडकीच की गो!” त्यांचा चेहरा इतका उजळला की मला उगीच स्वतःचा अभिमान वाटला. “मला वाटलं खिडक्या संपल्या.”

दुसऱ्या दिवशी ते ब्राउन पेपरचं कव्हर घातलेल्या तीन वह्या घेऊन आले. फावल्या वेळात, माणसांनी खिडकीशी विचारलेले प्रश्न त्यांनी जसेच्या तसे लिहून ठेवले होते. ‘साहेब, माझी सून याच गाडीनं गेली का?’ ‘बोकडाचं हाफ तिकीट का फुल?’ ‘परत येयाला गाडी नाय, मंग जायाला कशाला ठेवली?’ मी हसून हसून पालथी पडले. काका हसले नाहीत. प्रश्नाला हसायचं नसतं असं त्यांचं म्हणणं.

त्या वह्यांतून त्यांनी एक शोध लावला होता आणि तो मला सतरा वेळा ऐकवला होता. “आपली मानसं घरनं निघायच्या आधी गाडी कधी हाय ते विचारतात. पण स्टँडवर पाय टाकला की ‘गेली का?’ असं विचारतात. समोर उभी असली तरी ‘गेली का?’ तुमचे शहरातले विचारतात ‘किती वाजता सुटते.’ आमचं मानूस गेली का विचारतंय.”

“असं का?”

“गेलीच असंल असं धरून चालतात,” ते म्हणाले. “नशीबच तसं.”

माझ्या धंद्याची भाषा त्यांनी महिन्याभरात स्वतःच्या भाषेत करून टाकली. शोधल्यावर पान कितवं येतं त्याला ते फलाट म्हणत. “कितव्या फलाटाला लागलं आज?” ही त्यांची रोजची सलामी. दुसऱ्या वेबसाइटनी आपल्या पानाचा दाखला दिला तर आपलं वजन वाढतं हे मी समजावलं, तर म्हणाले, “वशिला म्हण की सरळ.” एका गिऱ्हाइकाने पानावर एकच शब्द चाळीस वेळा घालायचा हट्ट धरला होता. त्याला काकांनी सुनावलं, “एकच गाडी चाळीस वेळा पुकारली तर लोक कानात बोटं घालतात. गाडी चुकते ती चुकतेच.” गिऱ्हाइकाने हट्ट सोडला. मी तेच त्याला आठ दिवस इंग्रजी शब्द वापरून सांगत होते.

वैशाखऱ्याचं ते शेतघर त्यांच्यामुळेच वर आलं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. सॉफ्टवेअरने त्या पानाला ब्याण्णव गुण दिले होते आणि महिनाभर एकही फोन आला नव्हता. काकांनी पान वाचून काढलं. ‘निसर्गाच्या कुशीत अविस्मरणीय अनुभव.’ “हे कोण विचारतंय?” त्यांनी विचारलं. मग वही काढली. म्हातारं माणूस बरोबर असेल तर पायऱ्या किती? गाडी दारापर्यंत जाते का? भाकरी मिळेल का, का नुसता भात? परतीची शेवटची गाडी कधी? हे प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरं मी पानावर घातली. गावाचं नाव इंग्रजी अक्षरांत लोक किती तऱ्हांनी लिहितात ते काका दुधाच्या कॅनवरून, जीपच्या पाट्यांवरून, शाळेच्या दाखल्यांवरून गोळा करून घेऊन आले. सात तऱ्हा निघाल्या.

“सॉफ्टवेअर म्हणतं एकच ठेवा,” मी म्हटलं.

“मानूस चुकीचं बोलला म्हणून त्याला गाडी नाय सांगायची?”

सातही ठेवल्या. दीड महिन्यात पान पहिल्या फलाटाला लागलं. मालकाने मला पेढे दिले, ते मी काकांपुढे ठेवले, आणि त्यांनी एक घेऊन बाकीचे खाली कंडक्टर लोकांना वाटून टाकले.

त्यानंतर एका दुपारी ते जरा अवघडून बसले. खडू बोटांत फिरवत म्हणाले, “बाय, मला एक पान करून पायजे.”

“कसलं?”

“चिचंखालची गाडी.”

ही गाडी काय ते मला ठाऊक होतं. वैशाखऱ्याच्या अलीकडे आत वळून काकांच्या गावाला जाणारी चार-दहाची गाडी. स्टँडच्या आवारात पूर्वी मोठी चिंच होती, तिच्याखाली ती उभी राहायची. काँक्रीट करताना चिंच गेली. गाडी हल्ली त्याच जागी, चौथ्या फलाटाला लागते. तिकडच्या गावांतली जुनी माणसं अजून तिला चिचंखालची गाडीच म्हणतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाकून पाहिले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. शोधणारे: शून्य.

“काका, हे कुणीच शोधत नाही.”

“शून्य नाय गो,” ते म्हणाले. “एक हाय. तिनं अजून विचारलं नाय.”

लाइट गेलेली होती. पंखा बंद, खालून बियाण्याच्या पोत्यांचा वास. त्यांनी मान सरळ ठेवून, माझ्याकडे न बघता सांगितलं.

त्यांना एक धाकटी बहीण होती. आई लवकर गेल्यामुळे तिच्या वेण्यासुद्धा यांनीच घातलेल्या. सातवीनंतर ती भातसानगरला मावशीकडे शिवणकाम शिकायला गेली. मावशीचा नवरा धरणावर कामाला होता. तिथेच नोकरीला असलेल्या एका मुलाशी तिने घरात न विचारता लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या जातीचा. वडिलांनी घरात तिचं नाव काढायला बंदी केली. काकांनीही ती पाळली, कारण ते वडिलांपेक्षा जास्त दुखावले होते. “मला तरी सांगायचं होतं,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “मला तरी.”

तीन वर्षांनी एका दुपारी काका खिडकीत बसले होते. बाहेरून एक बाई वाकली. एका हातावर तान्हं मूल. चेहरा नीट दिसायच्या आत आवाज आला, “चिचंखालची गाडी गेली का, दादा?”

दादा तर त्यांना प्रत्येक बाई म्हणायची. पण हा दादा त्यांनी ओळखला. तिला गाडीचं विचारायचं नव्हतंच, हेही त्यांना कळलं. तिला वाटत होतं, भाऊ मान वर करील आणि काहीतरी बोलेल.

गाडी तीस पावलांवर चिंचेखाली उभी होती. काका म्हणाले, “गेली. गेली.”

“दोनदा सांगितलं गो मी,” ते मला म्हणाले. “सवय. आणि तिनं चिचंकडं वळून पन नाय बघितलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. तशीच गेली शहापूरच्या गाडीत बसून.”

नंतर त्यांनी भातसानगरला पत्र पाठवलं, ते बदली झाल्याच्या शेऱ्याने परत आलं. मावशीलाही पुढचा पत्ता नव्हता. वडील गेले तेव्हा कळवायचं कुठे हेच माहीत नव्हतं. साऱ्या नोकरीत त्यांनी एकच उत्तर खोटं दिलं होतं आणि ते घेऊन ती बाई कुठे गेली याचा त्यांना पत्ता नव्हता.

“पन आता सगळे मोबाइलला विचारतात,” ते म्हणाले. “ती पन कधीतरी विचारील. माझं नाव टाकून नाय विचारायची, तिला मान हाय. गाडीचं विचारील. तवा उत्तर बरोबर पायजे.”

मी दुसरी सगळी कामं बाजूला ठेवून ते पान केलं.

पहिला नंबर मिळवायला मला फक्त आठवडा लागला. स्पर्धाच नव्हती. सॉफ्टवेअरने हिरवी खूण दाखवून अभिनंदनसुद्धा केलं. पण काकांचं समाधान होईना. ती चिचं लिहील की चिच? का इंग्रजी अक्षरांत टाकील? ते डोळे मिटून बसत आणि बहिणीचं सातवीतलं अक्षर आठवत. “तिला अनुस्वार कधीच जमला नाय, कुठंपन द्यायची,” असं म्हणून हसत आणि पुन्हा डोळे मिटत. आम्ही चौदा तऱ्हा घातल्या. पानावर वर मोठ्या अक्षरांत गाडीची वेळ, आणि वेळापत्रक बदललं की काका स्वतः जिना चढून ती बदलून घेत. मजकूर फार कमी आहे, चित्र नाही, असं सॉफ्टवेअर दर आठवड्याला कुरकुरे. काका त्याला म्हणत, “गप रे.”

एक अडचण होती. अगदी एखाददुसऱ्याने विचारलेला प्रश्न सॉफ्टवेअरच्या अहवालात येत नाही. पान किती जणांनी उघडलं ते कळतं, काय विचारून उघडलं ते कळत नाही. काका संतापले. “प्रश्न लपवून ठेवतो? ही कसली चौकशी?” म्हणून मी पानावर एक चौकट केली. ‘काय विचारायचं आहे?’ त्यात कुणी लिहिलं की माझ्या मोबाइलवर टिंग वाजणार, आणि मी दिलेलं उत्तर विचारणाऱ्याला तिथेच दिसणार.

टिंग वाजायची. पण कुणी गाडीत सायकल घेतात का विचारी, कुणी नुसतंच हॅलो करी. टिंग झाली की काका तिरके होत, मी वाचून दाखवी आणि ते उत्तर सांगत. बहीण सोडून सगळ्यांना त्यांनी उत्तरं दिली. वर्ष गेलं, दुसरं निम्मं सरलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, पण ऑपरेशनला शहापूरला जायचं म्हणजे दोन दिवस इथे नसणार, म्हणून ते टाळत होते. जिना चढताना ते कठडा चाचपू लागले तेव्हा माझ्याच्याने बघवेना.

आणि मी मूर्खपणा केला. शहापूरला माझी आत्या राहते. तिच्याकडे गेले असताना तिच्या मोबाइलवरून मी ते पान शोधलं, उघडलं आणि चौकटीत लिहिलं, ‘चिंचेखालची गाडी किती वाजता सुटते?’ दुसऱ्या दिवशी ऑफिसात काकांना म्हटलं, “काका, आलं बघा!” मला वाटलं, एकदा त्यांच्या मनाचं समाधान झालं की डोळा तरी करून घेतील.

त्यांनी मोबाइल डोळ्याशी नेऊन वाचलं. एकदा, दोनदा. मग टेबलावर ठेवला.

“कोनाच्या मोबाइलवरनं केलंस?”

मी चहा सांगायला उठले.

“चिंचेखालची,” ते म्हणाले. “अनुस्वार बरोबर, मात्रा बरोबर. किती वाजता सुटते. बाय, सातवीपर्यंत शिकलेली आमच्या गावची बाई असं विचारंल?”

मी रडायलाच लागले. ते उठले आणि दारापर्यंत गेले. मग वळून म्हणाले, “मी एकदा खोटं उत्तर दिलं, तू खोटा प्रश्न केलास. फिट्टंफाट.” आणि चार दिवस आले नाहीत.

पाचव्या दिवशी आले ते डोळ्यावर हिरवं फडकं बांधून. परस्पर शहापूरला जाऊन ऑपरेशन करून आले होते. “तू एवढी थापा मारायला लागलीस, म्हटलं डोळा करून टाकावा,” म्हणाले. इतकी शरम आणि इतका आनंद मला एकदम कधी झाला नव्हता. मी त्यांच्या पाया पडले. “असू दे. असू दे,” ते म्हणाले.

त्याला दोन आठवडे झाले असतील. काका काळा चष्मा लावून माझ्यासमोर बसले होते. चहा नुकताच आला होता. टिंग झाली. मी मोबाइल उचलला आणि आधी स्वतःशीच दोनदा वाचलं.

“वाच की.”

“चिचंखालची गाडी गेली का.”

काकांनी बशी खाली ठेवली. “परत वाच. जसं लिवलंय तसं.”

“चिचंखालची गाडी गेली का. काका, अनुस्वार च वर आहे. आणि का वरसुद्धा आहे. कां.”

“सुटते कधी नाय?”

“नाही. गेली कां.”

“तू नाय ना?”

“आईशपथ नाही, काका.”

ते उभे राहिले. “गेली का,” ते म्हणाले. “गेली का म्हंजे… अगो, ती स्टँडवर हाय!”

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून अकरा मिनिटं झाली होती. मी घाईघाईने ‘उभी आहे’ लिहायला लागले, तसा त्यांनी माझा हात धरला.

“थांब! लिवू नको. तू लिवलंस आन तेवढ्यात हलली तर? परत खोटं होयाचं.”

आणि ते गेले. जो जिना ते कठडा चाचपत चढत, तो त्यांनी कसा उतरला मला माहीत नाही. मी खिडकीशी धावले. खाली चौथ्या फलाटाला गाडी सुरू झालेली होती. मागे घ्यायला कंडक्टरने शिट्टी मारली होती आणि चाकं हललीही होती. काका काळा चष्मा लावून, एक हात वर करून सरळ रस्ता ओलांडत निघाले. एका रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि त्यांना शिव्या घातल्या. त्यांनी बघितलंही नाही. ते गेले आणि गाडीच्या बरोबर मागे, काँक्रीटवर पाय रोवून उभे राहिले.

गाडी थांबली. “ओ कंट्रोलरकाका! मरायचंय का?” कंडक्टर ओरडला.

“पॅशिंजर हाय.”

“कुठंय?”

“हाय! हाय!”

मग त्यांनी मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडले, “लिव आता! दोनदा लिव!”

मी लिहिलं, ‘नाय गो. उभी हाय. उभी हाय.’

पाठवलं आणि परत खाली पाहिलं. चौकशी केव्हाच नव्या इमारतीत, पलीकडच्या बाजूला गेली आहे. जुनी अर्धगोल खिडकी पत्रा ठोकून बंद केलेली आहे. त्या पत्र्याशी एक बाई उभी होती. केस पांढरे, पायाशी पिशवी. खिडकी बंद आहे हे दिसत असूनही ती सवयीने वाकली होती आणि मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ धरून काहीतरी वाचत होती.

वाचून झाल्यावर तिने मोबाइल खाली केला, आणि चिंच होती तिकडे वळून बघितलं.